तांबड्या ओळी

भाचीच्या थोरल्या भावाला जुळं झालं आणि घरातली सगळी माणसं तिकडे धावली, त्या वर्षीची गोष्ट. घरात भाची आणि मावशी अशा दोघीच उरल्या होत्या. टेबलावर भाचीच्या नव्या कंपनीनं पाठवलेला लॅपटॉप होता, आणि तो मुका होता.

भाची जन्मापासून आंधळी. तिच्या जुन्या मशीनवर पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा आवाज होता. नव्यावर तो अजून बसला नव्हता. मोबाइलचा कॅमेरा समोर धरून पाहिला, तर तो पडद्याच्या चकाकीत भलतंच वाचत सुटला. मग मावशीला शेजारी बसवलं. मावशी उतारवयात अक्षरं शिकली ती भाचीसाठीच. इंग्रजी शब्द तिला कळत नसत, पण एकेक अक्षर सांगता येई.

अकरा वाजता कंपनीच्या प्रमुख बाई ऑनलाइन येणार होत्या. तोवर कामाची सगळी साधनं बसवून कंपनीचा प्रोग्राम या मशीनवर चालवून दाखवायचा होता. आधीच्या नोकरीतून भाचीला पहिल्याच दिवशी परत पाठवलं होतं. तुम्हाला वाचून दाखवायला माणूस लागतं, आम्हाला जमणार नाही, असं तोंडावर म्हणाले होते.

"वाच," भाची म्हणाली.

"डी. ओ. एन. ई. पुढे टिंब."

"डन. म्हणजे झालं. त्याच्या वर काही?"

"वर काय असणार? काही नाही."

भाचीनं प्रोग्राम सुरू करायची कमांड दिली आणि मान वाकडी करून थांबली.

"आता?"

"नुसती दांडी लुकलुकतेय. आपल्याकडेच बघतेय मेली."

भाचीनं सगळं पुन्हा बसवलं. पुन्हा डी, ओ, एन, ई. पुन्हा दांडी. तिसऱ्यांदाही तेच. तिनं तळहाताचा घाम ओढणीला पुसला. मोबाइल म्हणाला, पावणेअकरा.

"मावशी, चूक झाली की मशीन पडद्यावर बोंब मारतं. हे सकाळपासून गप्प आहे. असं होत नसतं. पडद्यावर तांबड्या रंगात काही आहे का?"

मावशीची खुर्ची करकरली.

"थोडंसं आहे."

"थोडंसं म्हणजे किती?"

"म्हणजे... पांढरं थोडंसं आहे. बाकी तांबडंच."

भाचीचे हात कीबोर्डवरून मांडीवर आले.

"सकाळपासून?"

"तू घाबरशील म्हणून नाही वाचलं. कामाला बसलेल्या माणसाला कुणी वाईट सांगतं का?"

"रोज पेपर वाचून दाखवतेस, त्यातलंही गाळतेस?"

"निम्मा."

"निम्मा!"

"अगं, ते अपघात, त्या मारामाऱ्या. तुला काय करायच्यात?"

"मावशे, माझी नोकरी जातेय इथे. पहिल्या तांबड्या ओळीपासून वाच. एक अक्षर गाळलंस तर बघ."

मावशीनं चष्मा पदराला पुसला आणि पडद्यावर बोट टेकवलं. अक्षरं तीच होती, पण आवाज बारीक झाला होता. "ई. आर. आर. ओ. आर. मग मोकळं. मग एन. ओ. मोकळं. एस. पी. ए..."

"नो स्पेस," भाची म्हणाली. "जागाच नाही! आवाज बसला नाही तो त्यामुळेच. आधीच कंपनीनं नमुन्याच्या फायली ठासून भरल्यात, आणि वर मी तीनदा सामान उतरवून ठेवलंय."

तिनं त्या नमुन्याच्या फायली पुसायची कमांड दिली.

"काही विचारतंय?"

"हो. लांबलचक ओळ आहे. शेवटी वाय आणि एन."

"फोल्डरचं नाव वाच. भलतं पुसलं गेलं तर सगळंच संपलं."

मावशीनं नाव वाचलं. भाचीनं पुन्हा वाचायला लावलं. मावशीनं पुन्हा वाचलं, आणि या वेळी ओळीच्या शेवटचं टिंबसुद्धा सांगितलं.

"खरं?"

"तुझी शपथ."

भाचीनं होकाराचं वाय दाबलं आणि आवाजापासून सगळं पुन्हा बसवायला घेतलं.

मग मावशी वाचतच सुटली. पांढरं, हिरवं, टक्के, रेघा, जे येईल ते. भाची थांब म्हणाली तरी थांबेना. मध्येच खोलीत एक पुरुषी, सपाट आवाज उमटला आणि मावशी खुर्चीसकट मागे सरकली. पडद्यावर ती जे वाचत होती तेच तो वाचत होता, तिच्या दसपट वेगानं.

प्रमुख बाई आल्या तेव्हा प्रोग्राम नुकताच सुरू झाला होता. तो सपाट आवाज प्रोग्रामच्या चाचण्यांचे निकाल भराभर वाचत होता. पास, पास, पास. मग एक नापास. मावशीनं भाचीच्या गुडघ्यावर हात दाबला. भाचीनं तो आवाज बंद केला नाही.

"कोण वाचतंय तुमच्याकडे?" प्रमुख बाईंनी विचारलं.

"माझं मशीन."

"ती एक नापास झाली, ऐकलंत ना?"

"ऐकलं. माझ्या मांडणीतली चूक नाही ती. प्रोग्राममधली आहे."



"आमच्या सगळ्यांकडे नापास होते ती," बाई म्हणाल्या. "तुमचं पहिलं काम तेच. उद्यापर्यंत बघा."

बाई पडद्यावरून गेल्यावर भाचीनं खांदे सैल सोडले आणि ती हसत सुटली. मावशी मात्र लॅपटॉपकडे बघत होती.

"ह्याला काही रीतभात आहे का गं? बाईंच्या देखत नापास म्हणून मोकळा."

"म्हणून तर बसवलाय."

"असेल," मावशी म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

मावशी त्यानंतरच्या फेब्रुवारीत, एका सोमवारी सकाळी दवाखान्यात वारली. तो निरोप भाचीला मशीननं वाचून दाखवला.