शनिवारचा हशा

शनिवारी सकाळी आईबाबा झोपलेले असायचे, तेव्हा ओहायोतल्या आमच्या घरी मी आणि धाकटी बहीण डोरीन कॉर्नफ्लेक्स खात टीव्हीसमोर बसायचो. कार्टूनमध्ये प्राण्यांचा रॉक बँड होता. पाणघोडा ड्रम बडवता बडवता ड्रममध्येच पडायचा आणि मागून रेकॉर्ड केलेला हशा यायचा. डोरीन त्याच्याही वर खिदळायची.

"गप गं! बाबा उठले तर टीव्ही बंद करतील," म्हणत मी तिला चिमटा काढायचो.

त्याच हिवाळ्यात ती तापानं गेली.

परवा, पन्नास वर्षांनी, त्या कार्टूनची डीव्हीडी मिळाली. पाणघोडा पडला. हशा उसळला, ओसरला. एक खिदळणं तेवढं थांबेना.

पडद्याला कान लावून मी कुजबुजलो, "हस गं, डोरीन. आता कुणी उठणार नाही."

पडद्याआतून माझाच नऊ वर्षांचा आवाज खेकसला, "गप गं!"

ती गप्प झाली.