निम्मं ऊन

"ऋता, पटकन सांग, आज इकडे ऊन किती आहे?"

श्रीनाथचा फोन फुजैराच्या साइटवरून होता. मागे काँक्रीटच्या पंपाची घरघर चालली होती. ऋता शारजाच्या ऑफिसात स्क्रीनसमोर बसली होती. तिला आधी वाटलं, तो चेष्टा करतोय. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि तिच्या कामातलं काही त्याने आज पहिल्यांदाच विचारलं होतं.

ऊन मोजणं हे तिचं काम. तिच्या सोलर कंपनीची यंत्रं वाळवंटात, किनाऱ्यावर, ठिकठिकाणी उभी होती. जमिनीवर किती ऊन पोचतं ते दिवसभर टिपत होती. वर्षानुवर्षांच्या नोंदी तिने एकापुढे एक मांडल्या, तेव्हा रेषा हळूहळू खाली उतरताना दिसली. धूळ वाढत होती, समुद्रावरचं धुरकं वाढत होतं, ऊन वरच अडत होतं. ऑफिसला काळजी एवढीच, की वीज कमी पडेल. घरी श्रीनाथ पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या मॅडम ऊन मोजतात. त्याचा पगारपण मिळतो." पाहुणे हसायचे. ऋता चहा आणायला उठायची.

"निम्मं," ती आता उत्साहाने म्हणाली. "धूळ इतकी आहे की जूनच्या दुपारी पोचायला हवं त्याच्या निम्मंच पोचतंय. असा दिवस माझ्या रेकॉर्डमध्ये क्वचितच..."

"ग्रेट. मिक्सर येऊन उभे आहेत आणि स्लॅब अर्धा राहिलाय. मग पोरांचा दुपारचा ब्रेक आज कॅन्सल करतो. ऊनच नाही तर ब्रेक कसला? यल्ला, चल, ठेवतो."

"बरं," ऋता म्हणाली. फोन बंद झाल्यावरही ती जरा वेळ खुशीत होती.

श्रीनाथ वाईट मालक नव्हता. दुपारी काम बंद ठेवायचा कायदा जूनच्या मध्यापासून लागू होतो. तो मात्र मे संपला की आपणहून माणसांना सावलीत बसवायचा. त्या दिवशी त्याने मान वर करून पाहिलं. सूर्य चंद्रासारखा पुसट झाला होता. उघड्या डोळ्यांनी बघता येत होता. जमिनीवर कुणाची सावलीसुद्धा पडत नव्हती. कामगारांपैकीही कुणी कुरकुरलं नाही.

दगडू त्याच्याकडचा शटरिंगचा, म्हणजे स्लॅबखालचा फळ्यांचा साचा बांधणारा सुतार, अगदी सुरुवातीपासूनचा. मूळचा मंडणगडकडचा. गावाहून परतताना तो बायकोने वाळवलेली आमसुलं ऋतासाठी घेऊन यायचा. शारजात अल मजाजला त्यांचा फ्लॅट होता, त्याच्या दारातच पिशवी द्यायचा. "गिरिजानं दिल्यात, वहिनी," एवढंच बोलायचा आणि कितीही आग्रह केला तरी आत बसायचा नाही.

त्या दुपारी तो स्लॅबखाली टेकू तपासत फिरत होता. शर्ट पाण्यातून काढल्यासारखा अंगाला चिकटला होता. वारा औषधालाही नव्हता. दोनदा त्याचा हातोडा हातातून सुटला. तिसऱ्यांदा सुटला तेव्हा त्याने तो उचललाच नाही. शेजारी काम करणाऱ्या खैरुद्दीनला म्हणाला, "भाई, ठंड लग रही है." खैरुद्दीन हसला. एवढ्यात दगडू टेकूला धरून खाली बसला आणि आडवा झाला.

ऋता डोंगरातल्या रस्त्याने फुजैराच्या हॉस्पिटलात पोचली तेव्हा संध्याकाळ होत होती. श्रीनाथ कॉरिडॉरमध्ये एकटाच उभा होता. त्याच्या बुटांवर सिमेंट वाळलं होतं.

"खलास," तो म्हणाला. "आणला तेव्हाच अंग नुसतं भाजत होतं. डॉक्टरांनी बर्फात ठेवला. काही उपयोग झाला नाही."

ऋता भिंतीला टेकली.

"उद्या चौकशी होणार," तो हळू आवाजात म्हणाला. "तू तुझं रीडिंग दाखव. आज ऊन निम्मं होतं, एवढंच सांग. खोटं थोडंच आहे?"

"खोटं नाही," ती म्हणाली.

गिरिजाला अजून कळवलं नव्हतं. श्रीनाथने तिथेच उभं राहून नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकला आणि दगडू गेल्याचं सांगितलं.  पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला, कुणीतरी धावत आलं, बायकांचे आवाज उठले. बऱ्याच वेळाने गिरिजाचा आवाज परत आला. तो अगदी कोरडा होता.

"उन्हात काम करत होते का?"

"नाही हो, नाही," श्रीनाथ घाईने म्हणाला. "आज ऊन नव्हतंच. आईशप्पथ. आमच्या मिसेसना विचारा, त्यांचं कामच ते आहे."

"मग ते कशानं गेले?"

श्रीनाथ एका बुटावरचं सिमेंट दुसऱ्या बुटाने खरवडू लागला.

"वहिनी आहेत का तिथं? वहिनी, सकाळी माझ्याशी नीट बोलले हो. घराचे पत्रे बदलायचे म्हणाले. ऊन नव्हतं, मग माणूस गेला कशानं?"

श्रीनाथने ऋताकडे पाहून मान हलवली. नको, या अर्थाने. ऋताने फोन त्याच्या हातातून काढून घेतला आणि तोंडाजवळ धरला.

"उष्म्यानं गेले, गिरिजा," ती म्हणाली. "धुळीनं ऊन अडतं, उष्मा अडत नाही. माझ्या स्क्रीनवर उन्हाच्या शेजारीच उष्म्याचा आकडा होता, तो माणसं मारण्याइतका होता, आणि मला दिसत होता. ह्यांनी ऊन विचारलं, मी ऊन सांगितलं."