परत येण्याची खात्री

“शिक्षण संपल्यावर काय करणार?” नणंदेने चष्मा नाकाच्या टोकावर ओढून विचारलं.

“परत येणार.”

“कशावरून?”

शिवणवाल्या बाईंनी कात्री खाली ठेवली. “अहो वन्सं, तुम्हाला माहीत नाही का? घर इथे, शिवणवर्ग इथे, तुम्ही इथे.”

“मी वन्सं नाही, व्हिसाची अधिकारी आहे. आणि विचारलं तेवढंच बोल. तुझी जीभ एकदा सुटली की कुणाच्या बापाला आवरत नाही.”

पुढच्या खोलीतल्या मशिनींच्या मधोमध ही तालीम रोज चालायची. बाईंचे यजमान गेल्यापासून दोघीच घरात होत्या. आता पन्नाशी उलटल्यावर बाई परदेशात शिकायला निघाल्या होत्या, आणि नणंदेला चेष्टेला आयता विषय मिळाला होता. वर्गातली पोरं तुला आजी म्हणतील, असं ती म्हणाली, तेव्हा बाई हसल्या. आजी म्हणवून घ्यायलाच तर त्या चालल्या होत्या.

मुलगा तिकडे स्थायिक झाला होता. नात चार वर्षांची झाली, पण बाईंनी तिला फोनच्या पडद्याबाहेर कधी पाहिलं नव्हतं. त्या तिच्यासाठी नुसत्या नजरेच्या अंदाजाने फ्रॉक शिवत. मुलाकडे माप मागून मागून थकल्या. तो दर वेळी पाठवतो म्हणायचा आणि विसरायचा. कामाच्या रगाड्यात कुणाच्या लक्षात राहणार, असं बाईच त्याच्या वतीने सांगायच्या.

मागे एकदा पर्यटक व्हिसासाठी अर्ज केला होता. तेव्हा सगळं मुलानेच केलं होतं. निमंत्रण त्याचं, अर्ज त्याने भरलेला, उत्तरही त्याच्याकडेच आलं. बाईंची बॅग भरून तयार होती.

“आई, नाकारला,” तो फोनवर म्हणाला. “त्यांना वाटतंय, तू एकदा आलीस की परत जाणार नाहीस.”

बाईंना आधी हसू आलं आणि मग संताप आला. कोण कुठले परके लोक, आणि त्यांनी आपल्याबद्दल असं ठरवावं? पण मुलाचा आवाज इतका पडला होता की त्यांनी स्वतःचं दुःख गिळलं आणि त्याचीच समजूत काढली. तुझा काय दोष बाळा, तू मनाला लावून घेऊ नकोस, असं म्हणाल्या. त्याने घाईघाईने फोन ठेवला. तो रडतोय म्हणून ठेवला असेल, असं बाई समजल्या आणि रात्री जेवल्या नाहीत.

नंतर पुन्हा अर्ज करायचा म्हटलं, की मुलाचं काही ना काही निघायचं. कधी नोकरी बदलायची होती, कधी घर. निमंत्रण काही येईना. बाईंनी तगादा लावला नाही.

मार्ग काढला तो व्हिसाच्या एजंटाने. त्याचा टाय पोटाच्या निम्म्यापर्यंतच पोचायचा, म्हणून नणंद त्याला अर्धा टाय म्हणायची. मुलाच्याच शहरात कपड्यांच्या कटिंगचा एक वर्षाचा अभ्यासक्रम होता. त्याला कुणाचं निमंत्रण लागत नव्हतं. प्रवेश आणि भाषेची परीक्षा, बस्स. बाई पहिल्या खेपेला नापास झाल्या. दुसऱ्या खेपेला डोक्याला ताण देऊन, नणंदेची बोलणी खाऊन पास झाल्या. होतं नव्हतं ते सोन्याचं किडूकमिडूक मोडून त्यांनी फी भरली.

मुलाकडे त्यांनी एकदाच विषय काढला होता.

“नको आई,” तो म्हणाला. “या वयात कसलं शिक्षण? पुन्हा नाकारलं तर कायमचा ठपका बसेल. सोड तो नाद.”

आपल्याला दुसऱ्यांदा वाईट वाटू नये म्हणून तो असं बोलतोय, हे बाईंना कळलं आणि भरून आलं. मग त्यांनी त्याला काही सांगायचंच नाही असं ठरवलं. व्हिसा हातात घ्यायचा आणि थेट त्याच्या दारात उभं राहायचं. नणंदेलाही तंबी दिली.

मुलाखतीच्या दिवशी काचेपलीकडे एक तरुण अधिकारी बसला होता. त्याने अभ्यासक्रमाबद्दल विचारलं. हाताने कापड बेतण्यात आयुष्य गेलं, आता संगणकावर बेतायला शिकायचंय आणि परत येऊन पोरींना शिकवायचंय, असं बाईंनी सांगितलं. तिथे कोण आहे, याला मुलगा आहे म्हणाल्या. आधी व्हिसा नाकारला होता का, याला हो म्हणून गप्प बसल्या. नणंद असती तर तिने पाठ थोपटली असती.

अधिकारी बराच वेळ पडद्यावर काहीतरी वाचत राहिला. बाईंनी घरी एक फ्रॉक अर्धवट शिवून ठेवला होता, या वेळी नातीच्या अंगाला टेप लावूनच तो पुरा करायचा होता. आज नकार आला, तर पुन्हा उभं राहण्याचं बळ त्यांच्यात नव्हतं.

“परत येणार?” त्याने विचारलं.

“येणार. नणंद एकटी आहे घरी. माझ्याशिवाय तिला भांडायला कुणी नाही.”

तो पहिल्यांदाच हसला. “मंजूर. पासपोर्ट घरपोच मिळेल.”

बाईंचे डोळे भरून आले आणि इतका वेळ आवरलेली जीभ सुटली.

“बघा साहेब, हेच मागच्या वेळी केलं असतंत तर! परत न येणाऱ्यातली मी नाही. तुम्ही लोकांनी उगाच शंका घेतलीत. माझं जाऊ द्या, पण माझ्या मुलाला किती लागलं होतं ते.”

अधिकाऱ्याचा चेहरा जरा त्रासिक झाला. आपल्या कार्यालयावर आलेला बोल त्याला रुचला नसावा.

“शंका आमची नव्हती, बाई,” तो म्हणाला. “तुमची कागदपत्रं तेव्हाही ठीक होती. आम्ही खात्री करून घ्यायला तुमच्या मुलाला फोन केला होता. आई एकदा आली की परत जायची नाही, तिला व्हिसा देऊ नका, असं त्यांनीच सांगितलं.”