मधुकररावांची मिशी

"आला का माया बाप?" मधुकररावांनी बाजेवर पडल्या पडल्या विचारलं.

"नाई आबाजी. अजून पहिलंच महायुद्ध चालू आहे. तुमचे बाबा दुसऱ्यात येतीन."

ब्रिटिश फौजेच्या इतिहासाचं ते उशीएवढं जाड पुस्तक आचलनं सेलूच्या वाचनालयातून आणलं होतं. आजोबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून रोज शाळेतून आली की ती मोठ्यानं वाचायची. तोफांचे आवाजसुद्धा स्वतःच काढायची. मधुकररावांना तोफांचं काही नव्हतं. ते आईच्या पोटात असताना त्यांचे वडील फौजेत गेले आणि ब्रह्मदेशातून परत आलेच नाहीत. पुस्तकात ब्रह्मदेश कधी येतो, एवढीच त्यांना घाई.

आज सर्वपित्री अमावस्या. भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोला झेंडूचा हार घातलेला. डोक्यावर फेटा, छातीवर आडवा पट्टा, टोकं वर वळवलेली झुपकेदार मिशी. मिसरूड फुटलं तेव्हापासून मधुकररावांची मिशीही अगदी तश्शीच. आजही आंघोळ करून आल्यावर त्यांनी त्या फोटोच्या काचेतच बघून टोकं वळवली होती. खाली पितरांचं ताट मांडलेलं. वडे, कढी, खीर.

आचलनं पान उलटलं आणि ती किंचाळलीच.

"आबाजी! आले! तुमचे बाबा आले! फोटोच छापला आहे!"

मधुकरराव ताडकन उठले. आचलनं पुस्तक भिंतीवरच्या फोटोला लावून धरलं. तोच फेटा. तोच पट्टा. गळ्याजवळचं एक बटण उघडं राहिलेलं, तेही तेच.

"नाव वाच," मधुकरराव म्हणाले. "माया बापाचं नाव वाच. मोठ्यानं."

"फ्रान्समधील एक अज्ञात शिपाई," आचलनं खणखणीत सुरुवात केली. "सन एकोणीसशे..."

"काऊन थांबली?"

"...पंधरा."

एकोणीसशे पंधरात मधुकररावांचे वडील जन्मलेही नव्हते. हे दोघांनाही माहीत होतं.

"चुकीचं छापलं असन," आचल घाईघाईनं म्हणाली. "आपण कळवू ना त्यायले!"

मधुकरराव फोटोकडे बघत राहिले.

"तिसरीत होतो मी. पोट्टे चिडवत, तुया बापाचा फोटो तरी दाखव म्हणून. मंग माय वर्ध्याच्या बाजारात गेली अन् फ्रेमवाल्याकडून हा घेऊन आली. म्हणे, हे पाह्य तुये बाबा. साऱ्या शाळेत मिरवला मी."

आचलनं पुस्तक हळूच मिटलं.

"पितरांचं ताट माय कधी ह्याच्यापुढं ठेवे नाई. उंबऱ्यावर नेऊन ठेवे, रस्त्याकडे पाहत. मी भांडो तिच्याशी. फोटो इथं, अन् तू तिकडे काऊन ठेवतं? तर म्हणे, तुले नाई समजत. मी म्हातारा झालो ना तिच्यादेखत! मरतेवेळी तरी सांगाचं होतं मले."

आचलला त्यांना काहीतरी धीराचं म्हणायचं होतं. पण तोंडातून भलतंच निघालं.

"मग तुमचे बाबा दिसत कसे होते?"

मधुकरराव बाजेवर टेकले.

"आरसा आन," ते म्हणाले.

आचलनं आतून आरसा आणून त्यांच्यासमोर धरला. सवयीनं त्यांची बोटं मिशीच्या टोकाकडे गेली आणि तिथंच थबकली. मग त्यांनी अख्खा तळहात मिशीवर दाबून धरला, आणि उरलेल्या चेहऱ्याकडे निरखून बघत राहिले.