बॅकअप

विस्मरण झालेल्या वृद्धांना त्यांच्या आठवणी पुरवणारा शहराचा सर्व्हर बंद पडला, पण बॅकअप लगेच सुरू झाला. त्याची तपासणी शलाकाकडे होती. तो सुरू होतो एवढंच पाहून तिने सही केली होती. आठवणी ताज्या आहेत का, हे पाहायचा कंटाळा केला होता.

ती निर्धास्त घरी आली. शेजारच्या इंदुमावशी दारात उभ्या होत्या.

"आमचे हे दिसले का गं खाली? दूध आणायला गेलेत."

काका गेल्या वर्षीच वारले होते. बॅकअप त्याआधीचा होता.

शलाकाने त्यांना बसवून काका गेल्याचं सांगितलं. मावशी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या कोसळल्या.

"माझं चुकलं, मावशी."

मावशींनी तिलाच जवळ घेतलं. "वेडी का? मरण काय तुझ्या हातात होतं?"