कपाटातली

तिन्ही गिटारी पलंगावर एकीशेजारी एक मांडल्या, तेव्हा सून स्वतःच दचकली. तिन्ही बेस, तिन्ही काळ्या, तिन्ही एकाच आकाराच्या. एकत्र अशा तिनंही त्या कधी पाहिल्या नव्हत्या.

त्याला कारण होतं. "घरात एवढं एकच धूड राहील," असा शब्द तिनं सासूबाईंना दिला होता. शब्द तिनं पाळलाही होता, म्हणजे बाहेर दिसायला नेहमी एकच असायची. दुसरी पलंगाखाली, तिसरी कपाटात जादा गाद्यांच्या मागे. रंग मुद्दाम सारखा घेतला होता. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. पण आई आणि बायको यांच्या मध्ये काहीच ठाऊक नसलेलं बरं, हे तो लग्नाच्या पहिल्याच महिन्यात शिकला होता.

आता दुकानात चौथी आली होती. पाच तारांची. तिचा सगळ्यात खालचा सूर ऐकल्यापासून सुनेला दुसरं काही सुचत नव्हतं. दुकानदार जुनी घेऊन नवी द्यायला तयार होता आणि जुनी बघायला घरीच आला होता. सासूबाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. तिथे दोन तास तरी मोडतात. तेवढ्यात एकीचा पत्ता कट करायचा आणि तिच्या जागी चौथी काळी गुपचूप सरकवायची. पकडलं गेलं तर मात्र धडगत नव्हती. सासूबाई रागावल्या की ओरडत नसत, आठवडाभर फक्त 'हं' म्हणत. त्या 'हं'ची सुनेला खरोखर भीती वाटायची.

दुकानदार पोचलेला माणूस होता. त्यानं पहिली गिटार उचलली आणि सुतार फळी बघतो तशी एक डोळा मिटून तिच्या मानेवरून नजर टाकली. मग एकेका पट्टीवर बोट दाबून तार छेडली. मध्येच एका जागी तार खरखरली.

"ही झिजलीय, ताई. रोज हातात असते ना?"

ही बाहेरची, दर्शनी गिटार होती. सून हो म्हणाली.

दुसरी त्यानं अँपला जोडली. आवाज मोठा आला, पण पोकळ, रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा. "तारा अजून करकरीत आहेत. वाजवून वाजवून त्यांचा टणटणाट जायला हवा. हिला कोणी हातच लावलेला दिसत नाही." पलंगाखालच्या गिटारीबद्दल हेही खरं होतं.

तिसरीची तार छेडली आणि त्याचं बोट तिथेच राहिलं. आवाज गोल, भरदार, थेट खर्जात उतरलेला. खिडकीची काच थरथरली. त्यानं सूर तपासायचं यंत्र गिटारीच्या मानेला अडकवलं. चारही तारा सुरात, केसभरही इकडेतिकडे नाही.

"ही कधी लावलीत?"

"लावतेय कुठे! चार महिने कपाटात पडून आहे," सून ऐटीत म्हणाली. "तीच तर गंमत आहे, काका. लाकडाला विश्रांती लागते. अंधारात, गाद्यांच्या उबेत ते मुरतं. महिन्यातून एकदा काढून बघते मी. दरवेळी आवाज आधीपेक्षा सरस."

हा शोध तिनं आपल्या बँडलाही सांगितला होता. तिथल्या गिटारवाल्यानं तेव्हापासून स्वतःची गिटार रजईत गुंडाळून ठेवली होती आणि ती दर आठवड्याला जास्तच बेसूर होत चालली होती. त्याची रजईच हलक्या प्रतीची असणार, असं सुनेचं ठाम मत होतं.

दुकानदारानं तिसरीचा पट्टा गळ्यात घातला. गिटार त्याच्या छातीपाशीच अडकली. त्यानं आखूड पट्ट्याकडे पाहिलं, सुनेच्या ताडमाड उंचीकडे पाहिलं आणि पट्टा उतरवला. धंद्यात नको ते विचारू नये.

"ही द्या मला. वर एक पैसा नको. चौथी तुमची."

सुनेचा जीव तुटला. तिन्हींत हीच तिची सगळ्यात लाडकी. पण चौथीचा तो खालचा सूर काही डोक्यातून जाईना. शेवटी तिनं स्वतःची समजूत घातली. कपाट आपलंच आहे, गाद्या आपल्याच आहेत, चौथीलाही मुरवू.

"न्या," ती म्हणाली, आणि बाहेर कुलपात किल्ली फिरली.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. डोळ्यांत औषध घातलेलं, वर काळा चष्मा, एक हात भिंतीला.

"कोण आलंय गं? आणि पलंगावर काय मांडलंयस?"

"माझी गिटार, आई. दुरुस्तीला देतेय."

"मला तीन दिसतायत."

सुनेचं तोंड काही थांबलं नाही. "औषधानं होतं तसं. एकाचे तीन दिसतात. तुम्ही आत जाऊन जरा पडा बघू."

दुकानदार अतिशय लक्षपूर्वक छताकडे बघू लागला.

"असेल बाई," म्हणत सासूबाई चाचपडत पलंगापाशी आल्या. पहिलीच्या तारांवरून बोटं फिरवली आणि पुढे सरकल्या. दुसरीवरून फिरवली, पुढे सरकल्या. तिसरीपाशी थांबल्या. तिला उचलून त्यांनी पट्टा गळ्यात अडकवला. गिटार बरोब्बर पोटावर येऊन बसली.

"पलंगाखालची घेऊन जा हो," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "ही मिळायची नाही. चार महिने रोज दुपारी घासतेय, आत्ता कुठे हात बसलाय."