सूनबाईंची शिकवणी

कॉलेजचे अध्यक्ष तात्यासो गडमुडशिंगी गावात अपूर्वाच्या घरी आले आणि टेकायच्या आधीच तिच्या वडिलांवर गरजले, "पोरगी जर्मनीला चालली म्हणं? हितं शिकायचं आणि तिकडं पळायचं. ह्या पिढीला लाजच न्हाय."

वडिलांनी त्यांच्यापुढं खुर्ची सरकवली. अपूर्वानं चहा आणून ठेवला. तात्यासोंच्याच कॉलेजात प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखतीत ती पहिली आली होती. जागा मात्र त्यांच्या सुनेला मिळाली.

चहा पोटात गेल्यावर तात्यासोंचा आवाज मऊ झाला. "जायच्या आधी आमच्या सूनबाईला जरा शिकवून जा. पोरं वर्गात प्रश्न इचारत्यात, तिला उत्तरं येत न्हाईत. तू घरचीच हाईस की."

अपूर्वाला राग आला नाही. चपलेला लागलेल्या घाणीकडं बघावं तशी ती त्यांच्याकडं बघत राहिली. जर्मनीहून नोकरीचं बोलावणं आलं होतं खरं, पण वडिलांना एकटं टाकून जायचं तिच्या जिवावर आलं होतं. होकार तिनं अजून कळवलाच नव्हता.

"मग जायाचं कधी ठरलं?" तात्यासोंनी विचारलं.

"आत्ता," अपूर्वा म्हणाली आणि तिनं त्यांच्यापुढचा कप उचलला.